देकाच्या जागी देश

प्रिय अबोवे,

थोरल्या भावाला नावाने हाक मारायची नाही, हे आईचं शिकवणं अजून पाळते आहे, म्हणून अबोवे लिहिलं. बाकी पत्रात फारसा मान शोधू नकोस. फोनच केला असता, पण तू बोलायला लागलास की मी ऐकत राहते. सगळं हर्गेसा शहर ऐकत राहतं, तर माझं काय घेऊन बसलास. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होईल.

आधी घरचं. आईचे गुडघे दुखतात, तरी सकाळचे लहोह तीच तव्यावर घालते. मी घातले की कडा उचलून बघते आणि विचारते, "हे खायचं आहे, की तुमच्या टॉवरवर लावायचं?" मी त्याच मोबाइल कंपनीत आहे. बर्बेराच्या रस्त्यावरचे टॉवर आता माझ्याकडे आहेत. वाऱ्याने अँटेना जरा फिरली की दहा गावं मुकी होतात, मग लोक मला शिव्या घालतात आणि दुरुस्त झाली की चहा पाजतात. माझं बरं चाललं आहे.

तू टोरांटोहून पाठवलेलं तुझं कवितांचं पुस्तक आईने लगेच वाचलं. ती चष्मा लावून वाचते याचं तुझ्या तिकडच्या मित्रांना नवल वाटतं, असं तू एकदा हसत सांगितलं होतंस. आपली लिपी नवीन आली तेव्हा ती शाळकरी पोर होती आणि सरकारने तिला उंट राखणाऱ्यांच्या तळांवर अक्षरं शिकवायला धाडलं होतं, हे तू त्यांना सांगितलंस का? पहिला धडा देशाच्या जयजयकाराचा होता. ती म्हणते, म्हाताऱ्यांना स्वतःचं नाव लिहायचं असायचं आणि आम्ही त्यांच्याकडून देशाचं नाव गिरवून घ्यायचो. पुढे त्याच अक्षरांत अटकेचे हुकूम आले. तेव्हापासून लिहिता येत असूनही तिने स्वतःची एकही कविता कागदावर उतरवली नाही. ती कविता तोंडी देते, आणि ज्याला देते त्याने आधी कवीचं नाव घ्यायचं, मग एक शब्द इकडचा तिकडे न करता म्हणायचं. हे काही तिचं एकटीचं खूळ नाही. आपल्याकडे उंटचोरही एवढं पाळतो.

तिने ती कविता तुला दिली होती. मी निर्वासितांच्या छावणीच्या काळात जन्मलेही नव्हते, म्हणून मला जसं सांगितलं गेलं तसं लिहिते. चुकलं तर दुरुस्त कर, तू तिथे होतास. शहरावर सरकारचेच बॉम्ब पडले, तुम्ही सीमेपलीकडे चालत गेलात. छावणीत पाण्याचा एकच ट्रक यायचा. एका सकाळी आपल्याच बाजूची माणसं आली, लढणाऱ्यांना पाणी हवं म्हणाली आणि भरलेला ट्रक घेऊन गेली. बायका मागे धावल्या. तू वाडगं घेऊन उभा होतास. आपली बहीण देका तेव्हा नुकती बसायला लागली होती. दुसरा ट्रक येईपर्यंत ती राहिली नाही. आईने कविता केली ती तिच्यावर, आणि ट्रक नेणाऱ्यांवर. "देका पाणी मागते, पाणी आपल्याच माणसांच्या मागे बसून निघून गेलं." प्रत्येक ओळीत द, कारण पोरीचं नाव द वरून.

तुझ्या पुस्तकात ती ओळ अशी आहे: देश पाणी मागतो, पाणी शत्रूच्या मागे बसून निघून गेलं. कवितेवर आईचं नाव नाही. खाली बारीक अक्षरांत, लोकपरंपरेतून. द वरून दुसरा शब्द तुला लगेच सापडला, वजनही बिघडलं नाही. कारागिरी चोख आहे, हे मी मान्य करते. पण पोरगी खरोखर पाणी मागत होती, अबोवे. देश कधी, कुठल्या भांड्यातून पाणी मागतो?

मी तेव्हा फोनवर विचारलं, तर तू हसून म्हणालास, "अगं शुक्री, देकाला ओळखतं कोण? देश म्हटलं की सगळी रडतात. आणि शत्रूच्या जागी आपली माणसं ठेवली असती तर पुस्तक तिकडे विकायला तरी ठेवू दिलं असतं का कोणी?" मग आवाज खाली आणून म्हणालास की तिथल्या थंडीत लिहायला बसलं की मन रिकामं असतं, आत काहीतरी मोठं उभं करावं लागतं, नाहीतर माणूस वेडा होईल, आणि तुझ्यासाठी ते मोठं काहीतरी म्हणजे देश. मी त्यावर बराच विचार केला. तुझं मन रिकामं होतं हे मला पटतं. ते भरायला तू बहिणीची जागा रिकामी केलीस, हे पटत नाही. माझ्या कामात एका टोकाने पाठवलेलं दुसऱ्या टोकाला बदलून पोचलं तर त्याला बिघाड म्हणतात. बदललेलं जास्त गोड लागतं का, हे कुणी विचारत नाही.

तरी मी गप्प राहिले असते. पण कविता आता शाळेच्या पुस्तकात आली आहे. मागच्या महिन्यात सहरा मावशीच्या मुलीचं लग्न होतं. बायकांचा फेर रंगला, ढोल तापला, सगळ्यांनी आईला पुढे ओढलं. तिने कविता सुरू केली. तिने 'देका' म्हटलं मात्र, समोरच्या दोन शाळकरी मुली हसायला लागल्या. एक म्हणाली, "अगं आत्या, चुकलीस. देका नाही, देश." दुसरी म्हणाली, "पाठ नव्हती तर उभी कशाला राहिलीस गं?" बायका हसल्या, लाडानेच. चुकणाऱ्याला मध्येच अडवायचं, ही रीतच आहे. मुलींचं काहीच चुकलं नाही. आई थांबली. तिने ढोलवालीकडे पाहिलं आणि मग पुढची ओळ तुझी म्हटली. शेवटपर्यंत तुझीच म्हटली. टाळ्या पडल्या.

गाडीत तीच म्हणाली, "पोरगी तर गेलीच होती. गाणं कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, पडू दे." आता ती घरातही देश म्हणते. भांडी घासताना, एकटी असताना. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐकलं आहे. ट्रक नेणाऱ्यांनी देका एकदा नेली. तू आईच्या तोंडातून नेलीस.

हे सगळं आजच का लिहिते, ते सांगते. पुढच्या महिन्यात इथल्या ग्रंथमेळ्यात तुझा सत्कार आहे आणि तू तीच कविता म्हणणार, असं रेडिओवर सांगितलं. आईला पहिल्या रांगेत बसवणार आहेत, लेखकाची आई म्हणून. मी ठरवलं होतं की तू देश म्हटलास की उठायचं आणि सगळ्यांसमोर तुला अडवायचं. कविता मला पूर्ण येते. आईला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. काल तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून माझ्याकडून वचन घेतलं की मी उठणार नाही. म्हणाली, "तो माझा मुलगा आहे, त्याला लोकांत खाली पाहायला लावू नकोस." मी वचन दिलं आणि ते पाळणार आहे. तेव्हा त्या दिवशी तुला कोणी अडवणार नाही. आधी आईचं नाव घ्यायचं आणि मग देकाचं, हे तुझं तुलाच करावं लागेल. तू काय करतोस ते मी आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकेन.

तुझीच बहीण, आणि देकाचीही,
शुक्री