दहापासून शून्यापर्यंत

अमरावती,
गुरुवार, दुपार

प्रिय अपेक्षा,

पुढची ओळ वाचण्याआधी एक काम कर. तुझा फोन शाळेच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेव, दार लाव आणि हे पत्र घेऊन बाहेर कडुनिंबाखाली ये. आणि ओठ न हलवता वाच. वलगावच्या शाळेत बाई म्हणायच्या, अपेक्षाचं पुस्तक आधी ओठ वाचतात, डोळ्यांचा नंबर नंतर. तेव्हा सगळा वर्ग हसायचा आणि सगळ्यात मोठ्याने मी. आज हसू येत नाही. हे पत्र मुद्दाम तुमच्या मुख्याध्यापिका शकुन मॅडमच्या नावाने स्पीड पोस्टानं पाठवते आहे. सोबतच्या चिठ्ठीत त्यांना लिहिलंय की तुमच्या हातानं अपेक्षाला द्या, तोंडानं काही बोलू नका. त्यांना मी वेडी वाटेन. वाटू दे.

परवा मंगळवारी तू फोनवर रडत होतीस आणि मी नुसती हं, हं करत होते. शेवटी तू म्हणालीस, "तू बी बदलली वं प्रणाली." मी बदलले नाही गं. त्या फोनवर मला बोलताच येत नव्हतं. का, ते सांगायलाच बसले आहे. राजीनामा लिहून तू पर्समध्ये ठेवला आहेस. येत्या मंगळवारी सासूबाईंच्या अंगात देवी आली की तिच्या पायाशी ठेवायचा आणि बुधवारी शाळेत द्यायचा. वलगावची वेस पुन्हा ओलांडणार नाही अशी शपथही त्याच वेळी घ्यायची. अकरा वर्षांची नोकरी आणि आईचं घर, दोन्ही एकाच कागदात जाणार. तो कागद हे पत्र संपेपर्यंत तरी पर्समधून काढू नकोस, एवढंच आत्ता मागते.

हे सगळं सुरू कधी झालं ते जरा आठव. मैनाबाईंच्या अंगात पूर्वीही यायचं, पण वर्षातून एकदा, नवरात्रात. केस मोकळे सोडून घुमायच्या, कुणी कुंकू लावलं की शांत व्हायच्या. बोलायच्या नाहीत. बोलायला लागल्या त्या दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्यानंतर, आणि मग दर मंगळवारी, तू शाळेतून घरी आलीस की. पहिल्यांदा देवीनं विचारलं, अमरावतीच्या स्टँडवर गिलावडा खाल्ला तो उपासाचा सोमवार होता ना? आपण दोघी पोट धरून हसलो होतो, देवीला वास अकोल्यापर्यंत गेला म्हणून. पुढच्या मंगळवारी, वलगावच्या स्वयंपाकघरात तू आईजवळ काय काय बोलून रडलीस ते शब्दाला शब्द बाहेर आलं. तिथे तू, तुझी आई आणि चुलीवरचं दूध, चौथं कुणी नव्हतं. त्यानंतर आपलं हसणं बंद झालं.

मागच्या दिवाळीत मी तुझ्याकडे आले होते तो मंगळवार तर मी जन्मात विसरणार नाही. बदलीचा अर्ज आपण माझ्या दुकानात बसून भरला होता, कुणालाही सांगितलं नव्हतं. मैनाबाई डोळे मिटून डुलत होत्या आणि एकदम थांबल्या. "काहून वं पोरी, माहेराकडे बदली मांगून राहिली? घर मोडाचं हाये का तुले? आन् ह्या तुह्या मैत्रिणीनं अर्ज भरून देल्ला?" डोळे मिटलेलेच होते, पण तोंड बरोबर माझ्याकडे वळलेलं. दिवसभर फोनची पोटं उघडणारी मी, आणि मी हात जोडले, अपेक्षा. देवी म्हणाली, अर्ज मागं नाही घेतला तर पोरगी अंथरूण धरीन. चौथ्या दिवशी तुझ्या वर्षालीला ताप भरला. त्या दिवसांत अर्ध्या अकोल्याची लेकरं तापानं फणफणली होती हे तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी तू अर्ज मागे घेतलास आणि मी मान डोलावली. तू डी.एड. झालेली, मी डिप्लोमावाली, पण भीती कुणाचं सर्टिफिकेट बघत नाही.

आता मागच्या आठवड्याचं सांगते. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू आलीस आणि जाता जाता फोन माझ्या टेबलावर टाकून गेलीस. गरम होतो, दुपारपर्यंतच बॅटरी संपते म्हणालीस. बुधवार होता. एप्रिलची दुपार तुला काय सांगू, वलगाव रोडवर कुत्रंही नव्हतं, समोरच्या रसवंतीवाल्यानं गोणपाटं सोडून दिली होती आणि माझा कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता. मी फोनचं मागचं झाकण शेकून सोडवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक काळ्या मार्करनं काहीतरी लिहिलेलं होतं. "प्र." आणि खाली तारीख. मी उघडलेल्या प्रत्येक फोनमध्ये अशी खूण करते, परत आला तर ओळखता यावा म्हणून. अक्षर माझं होतं. तारीख पाडव्याच्या आठ दिवस आधीची होती, आणि हा फोन शिवमभाऊजींनी बायकोला पाडव्याची भेट म्हणत तुला नवाकोरा म्हणून दिला होता. साखरेच्या गाठीजवळ ठेवलेल्या खोक्याचा फोटो तूच मला पाठवला होतास. मी झाकण उजेडात धरून तारीख पुन्हा वाचली.

मग हळूहळू आठवलं. अकोल्याच्या एका दुकानदारानं कुरिअरनं एक फोन पाठवला होता. असली कामं या भागात मीच करते, म्हणून बाहेरचे दुकानदार पाठवतात. कामही सांगते, म्हणजे तुला कळेल. फोन आपला असला तरी त्याच्या आतल्या काही खोल्यांना कंपनीनं कुलूप घातलेलं असतं. ते काढणं म्हणजे फोन रूट करणं. कुलूप निघालं की दारात एक राखणदार बसतो. कुठलंही ॲप आत घुसायला लागलं की तो पडद्यावर विचारतो, हे आत जाऊ का म्हणतंय, परवानगी द्यायची की नाकारायची? दहा सेकंद वाट बघतो, दहा, नऊ, आठ असे आकडे उतरत जातात, आणि कुणीच काही दाबलं नाही तर शून्यावर तो स्वतःच नकार देतो. दुकानदाराची तक्रार हीच होती. रूट कुणीतरी अर्धवट केलेलं, फोन चालूच होत नव्हता, म्हणून मला झाकण उघडावं लागलं. आणि चालू झाला तरी आत एक ॲप होतं त्याला परवानगी मिळेना. तो फोनवर म्हणाला, "ताई, ते पुसून राहिलं वारंवार. पुसलं नाही पायजे, दिसलंही नाही पायजे. कोनाले लेकरांवर ध्यान ठेवाचं असते."

मी ते केलं. राखणदाराला सांगितलं की या ॲपला कायमची परवानगी, विचारायचं नाही, दाखवायचं नाही. वीस मिनिटांचं काम. नवाकोरा फोन, त्यात एक नंबर नाही, एक फोटो नाही आणि एकच ॲप लपून बसलेलं, हे मला दिसत होतं. तरी मी विचारलं नाही हा फोन कुणाच्या हातात जाणार आहे. गिऱ्हाइकाच्या घरात डोकवायचं नाही हा माझा मोठा नियम ना, त्याचा मला फार तोरा. एक गोष्ट तेवढी सवयीनं चालू ठेवली होती, कोण कधी आत गेलं त्याची नोंद. मागच्या बुधवारी ती उघडली. दोन वर्षांची नोंद, अपेक्षा. शाळेत, वलगावला, स्टँडवर, तुझ्या न्हाणीघराच्या वेळेलासुद्धा. दिवाळीच्या आधी आपण अर्ज भरला त्या दुपारीही ते आत गेलं होतं. मी यादी खाली सरकवत गेले आणि ती संपेचना.

मग मी राखणदाराला पुन्हा जागं केलं. आता विचार म्हटलं, आणि लपवलेलं सगळं दाखव. फोन टेबलावर ठेवला आणि समोर बसले. तुला खरं सांगते, दहा मिनिटं काहीच झालं नाही आणि मला वाटलं, माझाच भ्रम. मग कुणी हात न लावता पडदा उजळला. परवानगी हवी. दहा, नऊ, आठ. शून्य, नकार. लगेच पुन्हा. सात वेळा मागितली, एखादं माणूस कडी वाजवत राहतं तशी. आठव्या वेळी मी बोट पुढं केलं आणि "द्या" दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला. म्हणजे कुणीतरी ऐकू लागलं. दुकानात मी एकटी होते आणि आता एकटी नव्हते. मग मी माझा फोन कानाला लावला, बंदच होता तो, आणि माझ्या आईशी बोलल्यासारखी मोठ्याने म्हणाले, हो, अपेक्षा काल माझ्यासोबत कौंडण्यपूरला आली होती, रुक्मिणीच्या देवळात कितीतरी वेळ बसली. साफ खोटं. आदल्या दिवशी तू दवाखान्यात तुझ्या आईच्या उशाशी होतीस.

दुसऱ्या दिवशी तुला सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण तू आलीस ती शिवमभाऊजींसोबत, ते अकोल्याहून अचानक न्यायला आले म्हणून. फोन त्यांनीच उचलला, उलटसुलट पाहिला आणि तुझ्या हातात दिला. किती गोड बोलतात ते. "गरम होत होता म्हने. आता नाही ना होनार, ताई?" मी म्हणाले, नाही होणार. तुम्ही गाडीत बसेपर्यंत मी दारात उभी होते आणि एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. त्यांना घाबरले, आणि त्याहून जास्त तुला घाबरले, कारण पहिलं वाक्य मला माझ्यापासूनच सुरू करावं लागलं असतं.

आणि परवा तुझा तो फोन. तू म्हणालीस, देवीनं विचारलं कौंडण्यपूरले काहून गेलतीस. तू म्हणालीस, "मी तं गेलीच नाही वं. का गेली होती आन् इसरली? मले काही समजून नाही राहिलं." तू वेडी झालेली नाहीस. तू गेली नव्हतीस. ते कौंडण्यपूर मी माझ्या दुकानात बसून रचलं होतं, आणि या जगात ते फक्त तुझ्या फोननं ऐकलं होतं. मैनाबाईंना हे ठाऊक आहे, की मुलगा कानात सांगतो ते त्यांना खरोखर देवीचं वाटतं, मला माहीत नाही. त्यांचं ते मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे वळलेलं तोंड आठवलं की अजूनही कळत नाही. पण देवी असती तर तिला माझं खोटं कळलं असतं.

मी सोमवारी पहिल्या बसनं अकोल्याला येते, मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी असेन. मला तोंडावर काय बोलायचं ते बोल, दोन थोबाडीत मारल्यास तरी चालेल. घरी आत्ता काही बोलू नकोस. फोन फोडू नकोस, त्यातलं काही पुसू नकोस, त्यातली नोंद पुरावा आहे. पोलिसांत जायचं तर माझं काम काय होतं तेही मी लिहून देईन. पण सोमवारपर्यंत थांबता येत नाही अशी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच हे पत्र आहे. परवा रडता रडता तू शेवटी म्हणालीस, अमरावतीहून आल्यापासून पडद्यावर आपोआप आकडे येतात, दहापासून शून्यापर्यंत, देवी माझे दिवस मोजून राहिली, आणि खाली परवानगी मागते. तू दरवेळी घाईघाईनं "द्या" दाबतेस. "देवीले नाही कसं म्हनू वं?" म्हणालीस. तो राखणदार मी जागा केला, तुझ्या भल्यासाठी, आणि तुला सांगितलं नाही. एवढ्यासाठीच तू राजीनामा लिहून मोकळी झालीस, हे परवा कळलं तेव्हा मी दुकानाचं शटर ओढून रडले. आता कपाटातून फोन काढ आणि टेबलावर ठेव. तो विचारेल. आकडे उतरू लागतील. तू हात मांडीवर ठेवून बस. नाही म्हणायला तुला काही करायचं नाही, बोटसुद्धा उचलायचं नाही, फक्त शून्यापर्यंत बघत राहायचं, त्यानं पुन्हापुन्हा विचारलं तरी. शून्य झालं की त्या घरात कुणालाही तुझं काही ऐकू जाणार नाही. मग हे पत्र पहिल्यापासून वाच, शाळेत वाचायचीस तसं, ओठ हलवून, मोठ्याने.

दारावरचा राखणदार जिनं निजवला ती,
तुझीच
प्रणाली