पुलाखालच्या राक्षसाला माणसांत घेण्याबाबत

बुधवार, जेवणानंतर

वडीलधाऱ्या आर्डिसताईस,

धाकट्या सेल्मरचा नमस्कार. मी इकडे बरा आहे, म्हणजे उजवा गुडघा, डावा कान आणि घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी सोडून बरा आहे. (भट्टी आवाज करते. दुरुस्तीवाला म्हणतो, करत नाही. त्याचे दोन्ही कान चांगले आहेत, तरी म्हणतो करत नाही.) तुझं खुब्याचं हाड कसं आहे? जिना उतरताना कठडा सोडू नकोस. मांजराला पायांत येऊ देऊ नकोस. आमच्या गल्लीतल्या एका बाईचा मांजरामुळेच पाय मोडला, आणि ते मांजर तिचं नव्हतंसुद्धा. तुमच्या दुलुथचं बर्फ वितळलं का? वितळलं असेल तर निसरडं असेल, नसेल वितळलं तरी निसरडंच असेल. घराबाहेर जपून पड, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्यातलं 'जपून' तेवढं तू धरलंस आणि 'पडू नको' असं वाचलंस, असं तुझी लेक फोनवर म्हणाली. हार्लनदाजी गेल्यापासून तू चर्चलासुद्धा गेली नाहीस म्हणे. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पत्र लिहायचं कारण असं की येत्या शनिवारी दुपारी एक वाजता वाचनालयात माझा निकाल आहे. घाबरू नकोस, कोर्टाचा नव्हे. (कोर्ट परवडलं, तिथे वकील तरी मिळतो.) एका टेबलावर मला बसू द्यायचं की नाही, यावर मत घेणार आहेत. हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो.

डॉक्टरने मला माणसांशी बोलायला सांगितलं. माझी इनेझ गेल्यापासून मी रेडिओशी बोलतो, पण डॉक्टरकडे रेडिओला माणूस धरत नाहीत. आपली मारेन, माझी नात, वाचनालयात कामाला आहे हे तुला माहीतच आहे. दर शनिवारी ती तिथे एक खेळ चालवते. टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने कुणीतरी व्हायचं. समोर काय आलं ते मारेन सांगते, दरी, दरोडेखोर, राजाचा निरोप. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो. मी तीनदा विचारलं, यात जिंकतं कोण? मारेन म्हणाली, "आजोबा, पुढच्या शनिवारी परत येतो तो."

मारेन सोडून टेबलावर दोघं होती. एक क्लॅरिस ह्युबनर, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती ती. ती रानातली धनुर्धारी झाली आहे. दुसरे आपले तरुण पाद्री हाल्वरसन. ते चोर झाले आहेत, आणि फार चांगले चोर आहेत. (रविवारी दानाची थाळी फिरते तेव्हा आता माझी नजर त्यांच्या हाताकडे जाते. हे पाप मी त्यांच्याकडेच कबूल करायचं का, हा प्रश्नच आहे.)

मला म्हणाले, तुम्हीही कुणीतरी वीर निवडा. वीरांची पानं मी चाळली. सगळे पंचविशीतले, बत्तीशी शाबूत असलेले. म्हणून जाडं पुस्तक उघडलं, ज्यात मारायचे प्राणी असतात, आणि त्यात मला ट्रोल दिसला. (आईच्या गोष्टीतला, पुलाखालचा राक्षस. हल्लीची पोरं फोनवर शिव्या देणाऱ्याला तसं म्हणतात, तो नव्हे.) बोटींना वाट द्यायला पूल उचलण्यात चौतीस वर्षं घालवलेल्या माणसाने दुसरं काय व्हायचं? मी म्हणालो, मी हा. मारेन म्हणाली, "आजोबा, तो मारायचा असतो, व्हायचा नसतो." मी म्हणालो, मग मला बसता येणार नाही. तेव्हा तिने सुस्कारा सोडला, अगदी इनेझसारखा, आणि पेन्सिल घेऊन राक्षसाला माणसांत बसण्याजोगा करायला लागली.

ताई, ते सोपं नसतं. पुस्तकातल्या राक्षसाचा हात तोडला तर नवा फुटतो. मारेन म्हणाली, असा एक जण टोळीत असेल तर बाकीच्यांनी नुसत्या क्लॅरिसच्या वड्या खायच्या का? तेव्हा हात फुटणं बंद. दिवसातून एकदा जखम भरेल, तीही खरचटल्याएवढी. उंची नऊ फूट होती, ती खाणावळीच्या दारात मावेना, म्हणून सात केली. दोन माणसांएवढं जेवण होतं, तेही अर्ध्यावर आणलं. मला सवय आहे. मीठ, शिडी आणि अंधार पडल्यावर गाडी चालवणं ही माझी तीन सामर्थ्यं याच पोरीने याच पेन्सिलीने या हिवाळ्यात कापली आहेत, आणि डॉक्टरच्या मते माझी उंचीही दोन इंच कमी झाली आहे. आणखी एक कमकुवतपणा घ्यावाच लागतो म्हणे. पुस्तकातला राक्षस आगीला भितो. मी आईचा घेतला, उन्हाचा. ऊन लागलं की दगड. हे घाईत झालं, कारण त्या टेबलावर माझी खुर्ची नेमकी खिडकीसमोर आहे आणि दीड वाजता तिथे ऊन येतं. तेव्हापासून क्लॅरिस दर शनिवारी म्हणते, "राक्षसा, सरक, दगड होशील."

मग मारेनने विचारलं, तुमची अलाइनमेंट काय? मी खरं ते सांगितलं, की धान्यकोठाराजवळच्या खड्ड्यात चाक गेल्यापासून गाडी जराशी डावीकडे ओढते, पण पोहोचवते. पाद्रीबाबा इतके हसले की त्यांच्या नाकातून कॉफी आली. या खेळात अलाइनमेंट म्हणजे स्वभाव, तुम्ही कायद्याचे की बेकायदा, भले की बुरे, असं निघालं. मारेनने मी सांगितलं तेच लिहून घेतलं. म्हणाली, हेच जास्त बरोबर आहे.

अकरा शनिवार बरे गेले. बाराव्याला घात झाला. आमच्या मागे लांडग्यांवर बसलेले दरोडेखोर, पुढे नदी, नदीवर उचलता पूल. मी पुढे होतो आणि पलीकडे पोहोचलो होतो. धनुर्धारी आणि चोर अजून अलीकडे. मारेन म्हणाली, "आजोबा, काय करता?" बाकीच्या दोघांना वाटलं, मी त्यांना हाक मारीन. मी विचारलं, "खालून बोट येतेय का?"

"बोट?"

"नदी आहे म्हणजे बोट असणार."

मारेन प्रामाणिक आहे. तिने फासा टाकला. वीस पडले. "येतेय," ती म्हणाली, "खताची."

"भोंगा दिला?"

लहानपणी पुलावरच्या केबिनमध्ये माझ्या मांडीवर बसलेली पोर ती. म्हणाली, "एक लांब, एक आखूड."

आता तू सांग ताई, मी काय करायला हवं होतं? गाडीला थांबता येतं, बोटीला येत नाही. चौतीस वर्षांत भोंगा ऐकून मी पूल उचलला नाही असं एकदाही झालेलं नाही, इनेझला कळा सुरू झाल्या होत्या तेव्हासुद्धा. मी पूल उचलला. पाद्रीबाबांनी नदीत उडी मारली. क्लॅरिसला घोडा मागे सोडावा लागला. त्या घोड्याचं नाव डंपलिंग होतं आणि ती अकरा शनिवार त्याला खरारा करत होती. तिने रूबार्बच्या वड्यांच्या डब्याला झाकण लावलं. (आत सहा वड्या होत्या. मी मोजल्या होत्या.) मग म्हणाली, "सेल्मर, तू आमच्या बाजूचा आहेस की नदीच्या?"

'तुमच्या' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पुलाच्या."

तर आता शनिवारी मत घेणार आहेत, की हा राक्षस टोळीत ठेवायचा की परत जाड्या पुस्तकात घालायचा. मारेन म्हणते, पुस्तकातल्या राक्षसाला कारण लागत नाही, पण माणसांबरोबर बसणाऱ्याला लागतं. त्याने पूल का सोडला आणि तो माणसांकडे का आला, हे एक पानभर लिहून आणा आणि वाचून दाखवा. पान, ताई! मी आठवीपर्यंत शिकलो आणि मग बाबांनी गोठ्यात घातला, हे तुला सांगायला नको. त्यानंतर आयुष्यभर मी फक्त पुलाची नोंदवही लिहिली, वेळ, बोटीचं नाव, वारा. दोन दिवस बसून माझ्या पानावर आत्तापर्यंत एवढंच उतरलं आहे: 'राक्षस पुलाखाली होता. वारा वायव्येचा.'

पूल त्याने सोडला नाही, पुलानेच त्याला सोडलं, हे मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी तिथे कॅमेरा बसला आणि आता साठ मैलांवरच्या खोलीतून कुणीतरी बटण दाबतं. पण पुढचं मला जमत नाही. आईच्या गोष्टीत सूर्य उगवतो, राक्षस दगड होतो आणि गोष्ट संपते. मी रडायचो. मग सकाळी गोठ्यात दूध काढताना तू मला वेगळा शेवट सांगायचीस. त्यात राक्षसाची मोठी बहीण यायची, त्याच्यावर आपला एप्रन धरायची, आणि काहीतरी म्हणायची. ते ऐकून तो उठायचा आणि तिच्याबरोबर चालू लागायचा. ती काय म्हणायची? ते वाक्य मला आठवत नाही. भट्टीचा आवाज ऐकत मी खूप आठवून पाहिलं. शनिवारच्या आत लिहून पाठव. या टेबलावरून उठवलं तर मला पुन्हा रेडिओच आहे.

मांजराला आशीर्वाद. तुला नमस्कार आहेच.

तुझा,
सेल्मर

ता.क. शनिवार संध्याकाळ. हे पत्र टाकायचंच राहिलं. तिकीट जुन्या दराचं आहे की काय अशी शंका आली, आणि पोस्टात विचारायला गेलो तेव्हा पोस्ट बंद होतं. त्यामुळे तुझं वाक्य न येताच मी गेलो. पान उघडलं, वायव्येचा वारा वाचून दाखवला आणि खाली काहीच नव्हतं. मग तसंच तोंडी सांगितलं. म्हणालो, पूल आपला आपण उचलला जाऊ लागला, आणि घरी याच्याशी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून हा बाहेर येऊन बसला, आणि ऊन आलं. दीड वाजला होता, खरोखरच माझ्यावर ऊन होतं. मग त्याची बहीण आली आणि तिने त्याच्यावर एप्रन धरला. इथे मी अडलो. शेवटी आपलं ठोकून दिलं, की ती म्हणाली, "ऊठ रे, कॉफी निवतेय." पाद्रीबाबा उगाच फासे मोजत बसले. मग क्लॅरिसने डब्याचं झाकण काढलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. मत घ्यायचं राहूनच गेलं. तुझं वाक्य तेच होतं का?

आणखी ता.क. क्लॅरिसची एक अट आहे. ती म्हणते, भावाच्या हाती पूल देऊन आम्ही पुन्हा फसणार नाही, त्या बहिणीला आणा. मारेनने बहिणीचा कागद तयारही केला. तिचं काहीच कापलेलं नाही, उंची नऊ फूटच आहे. नावाची जागा रिकामी आहे. शुक्रवारी सकाळी मारेन गाडी घेऊन दुलुथला येते आहे. तुला इकडे आणणार हे तुझ्या लेकीला मी दहा दिवसांपूर्वीच, क्लॅरिसच्या अटीच्याही आधी, कळवलं आहे, ती मांजर सांभाळील. तू नाही म्हणशील म्हणून आधी विचारलं नाही. वर लिहिलेली एकटं पडण्याची काळजी खरी आहे, फक्त सगळी माझ्याबद्दल नव्हती.

शेवटचं. तुझी खुर्ची माझ्या शेजारी ठेवली आहे. एप्रन आण, दीड वाजता तिथे ऊन येतं.