मगर आणि पक्षी यांच्यामध्ये

माय, माझ्या खोलीत आता तू कधी न पाहिलेले प्राणी आहेत. ते कोणीच पाहिलेले नाहीत. माणूस पृथ्वीवर यायच्या फार आधी ते संपले आणि दगडात त्यांची हाडं राहिली. त्यांना डायनोसॉर म्हणतात. ती हाडं मोजून, जुळवून त्यांच्या वीतभर प्रतिकृती घडवणारे लोक जगात आहेत, आणि त्या विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडणारे माझ्यासारखेही आहेत. हुमनाबादच्या घरी कुरिअर यायचं असलं की मी कॉलेजातून लवकर निघतो. मराठी शिकवणारा, निवृत्तीला टेकलेला माणूस ओट्यावर बसून खोक्याची चिकटपट्टी नखानं सोडवतो, हे शेजाऱ्यांना आता सवयीचं झालं आहे.

ही खेळणी नव्हेत असं मी सांगतो, ते कोणाला पटत नाही. खेळण्यातला डायनोसॉर शेपूट जमिनीला टेकवून माणसासारखा उभा असतो, दात बाहेर, हात पुढे लोंबलेले. माझ्याकडच्यांची शेपूट जमिनीला लागत नाही. ती पाठीच्या रेषेत मागे जाते, कारण पुढच्या धडाचा तोल तिनंच सांभाळलेला असतो, आणि कारण त्यांच्या पावलांच्या ठशांमागे शेपूट घासल्याची खूण सहसा सापडत नाही. लहान जातींच्या अंगावर पिसं आहेत. तळहात जमिनीकडे वळलेले नाहीत, एकमेकांसमोर आहेत. मागे एक काळ असा होता की चित्रकार हाडांवर नुसतं कातडं ओढायचे. आता स्नायू, चरबी, गळ्याखालची सैल कातडी सगळं धरतात. नवं काही सापडलं की कालची प्रतिकृती चूक ठरते आणि दुसरी घडवली जाते. मी चूक ठरलेली कपाटातून काढतो आणि नव्या प्रतिकृतीची वाट पाहतो. त्या वाट पाहण्यात मला फार सुख आहे. बायको म्हणते, बाकीची माणसं म्हातारपणी देवाला लागतात.

हा नाद तुझा आहे. कारहुणवी म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमा, तिच्यानंतरच्या अमावास्येला आपल्याकडे मातीचे बैल करतात. मी नुकता शाळेत जाऊ लागलो आहे. तू चुलीपुढे बसली आहेस. बांधावरची काळी माती चाळून, भिजवून, तडे जाऊ नयेत म्हणून तिच्यात कापूस कुटून घातला आहेस. एक गोळा माझ्या वाट्याला आला आहे. मी बैल करतो. त्याची शिंगं पुस्तकातल्या चित्रासारखी आहेत, दोन्ही सारखी, वर वळलेली. तू तो उचलतेस, बघतेस आणि दाबून परत गोळा करतेस. "असला बैल आपल्या गोठ्यात हाय का? जा, बघून ये." मी जाऊन येतो, पुन्हा करतो. तू पुन्हा गोळा करतेस. मी रडायला लागतो. तुझे हात चिखलानं भरलेले, म्हणून तू मला कोपरानं दाराकडे ढकलतेस. मग मी गोठ्यात जाऊन आपल्या बैलापुढे उभा राहतो, आणि रोज बघितलेलं जनावर पहिल्यांदा बघतो. त्याचं डावं शिंग कानाखाली उतरलेलं आहे. जू घासून वशिंडाजवळची कातडी जाड, बिनकेसांची झाली आहे. मी परत येऊन ते शिंग खाली वाकवतो. या वेळी तू तो दाबत नाहीस. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे बसवून तो बैल रांगेत ठेवतेस.

त्या दिवशी शेजारची बाई आली होती. देवाचा बैल, त्याचं शिंग कामून पाडलंय, चांगलं सरळ कर की, असं ती म्हणाली. तू मान वर न करता म्हणालीस, "मग पूजा कुणाची करायची? दुसऱ्याच्या बैलाची?" दुसऱ्या दिवशी सगळे बैल विहिरीत सोडले. ते विरघळणार हे तुला माहीत होतं. एका दिवसापुरताही तो आपलाच बैल असायला हवा होता. पुढे मी साहित्य शिकलो, शिकवलं, नेमकेपणाबद्दल पोरांपुढे पुष्कळ बोललो. त्यातलं बरंचसं त्या चुलीपुढचं होतं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत तू तापानं गेलीस. तुझा फोटो नव्हता. आपल्या मादन हिप्परग्यात तेव्हा फोटो काढायचं कारण कोणाला पडायचं नाही. तुझ्या थोरल्या लेकीचं, अक्काचं लग्न ठरलं तेव्हा अप्पा म्हणाले, पोरीच्या आईचा फोटो मांडवात पाहिजे, पहिला नारळ तिच्यापुढे फुटला पाहिजे. आळंदला एक फोटोवाला होता. असली कामं तो गावोगावची करायचा. मेलेल्या माणसाचा फोटो नसला की तो जवळचं कोणी बसवायचा आणि त्यावर रंगवायचा. मावशी बसली, तुझी धाकटी बहीण. तोंड गोल, रंगानं उजळ. त्यानं तिला आणखी उजळ केली, कपाळाला मोठं कुंकू लावलं, गळ्यात जाड मंगळसूत्र घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. खाली तुझं नाव लिहिलं. नारळ फुटला, अक्षता पडल्या, आणि तो फोटो भिंतीवर गेला.

मावशी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तुझ्या तिथीला यायची, आणि भिंतीवर हार घातलेली स्वतःच असायची. "जित्या बाईला हार घालायलाव," ती अप्पांना म्हणायची, "मला लवकर धाडायचा इचार हाय का?" आणि पुरणपोळी वाढली की, "माझ्या तिथीचं मीच जेवायलेय बघा." सगळे हसायचे, अप्पाही. मावशी गेल्यावर ते हसणं संपलं, अप्पांनंतर फोटो गावातच दिलेल्या अक्काच्या घरी गेला आणि तुझा म्हणून राहिला. अक्काची नातवंडं त्याला पाया पडायची. अक्का पडायची नाही. ती फोटोखाली दिवा लावायची आणि बघायची दाराकडे.

गेल्या वर्षी अक्का डोळे दाखवायला माझ्याकडे आली. साखरेनं एक डोळा गेला आहे आणि दुसऱ्याचा पडदा झिजतो आहे. डॉक्टर म्हणाले, थोपवून धरू, गेलेलं परत येणार नाही. संध्याकाळी ती माझ्या कपाटापुढे खुर्ची ओढून बसली आणि एकेक प्राणी हातात घेऊन चांगल्या डोळ्याजवळ नेऊ लागली. पिसांचा एक उचलला. ही तर कोंबडी हाय की रे, म्हणाली. मग त्याचे समोरासमोर असलेले तळहात तिच्या बोटांना लागले. "आन् ह्यो टाळ वाजवायलाय व्हय?" त्या मनगटांबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. यांचं तोंड, अंग कसं कळतं, असं तिनं विचारलं. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. प्राणी जागेवर ठेवून ती म्हणाली, "कुठल्या कुठल्या मेलेल्या जनावरांचं तोंड तुला म्हाईत. मायचं न्हाई करता येत?" मी कपाट लावू लागलो. ती म्हणाली, "मला दिसतंय तवर कर. मागनं बराबर हाय का चूक, कोण सांगंल?"

तेव्हा मी तिला एक रीत सांगितली. डायनोसॉरचे जवळचे नातेवाईक आज दोन उरलेत, एका बाजूला मगर, दुसऱ्या बाजूला पक्षी. जी गोष्ट मगरीतही आहे आणि पक्ष्यातही आहे, ती बहुतेक त्या मधल्यातही असणार. जिथे दोघांत फरक पडतो तिथे थांबायचं आणि दुसरा पुरावा शोधायचा. आपल्याकडे एका बाजूला मावशी आहे, तिचे खरे फोटो आहेत. दुसऱ्या बाजूला अक्का तू. माय मधे.

"मग मी मगर का पक्षी?"

मगर मावशी, मी म्हणालो.

"हे बराबर हाय," अक्का म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली.

मावशीच्या आणि अक्काच्या भुवया नाकावर एकमेकींना भिडतात. दोघींच्या कानाच्या पाळ्या चिकटलेल्या. दोघींचा खालचा ओठ भरीव. एवढं तुझं पक्कं झालं. जबड्यापाशी मावशी गोल आणि अक्का लांबट, तिथे आम्ही थांबलो. पुढचं सगळं अक्काच्या आठवणीवर. हनुवटीवर गोंदण. नाकपुडीजवळ देवीचा एक वण. पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला, सुपारी फोडताना. मी प्रत्येक वेळी विचारायचो, कशावरून. ती चिडायची. "तू वकील हायस का? मी तिच्या मांडीवर निजलेली हाय, खालनं बघितलंय." वण डाव्या बाजूला, असं ती म्हणाली, तेव्हाही मी विचारलं. तिनं डावा हात बाजूला नेऊन पाहिला. मग म्हणाली, माय भाकरी करायला बसली की चूल तिच्या डाव्या हाताला यायची. जाळ वाढला की वण दिसायचा, जाळ बसला की जायचा. मी डावीकडे लिहिलं.

हुमनाबादला वाढदिवसाचे फलक छापणारं एक दुकान आहे. तिथली मुलगी संगणकावर हातानं चित्र काढते. कधी काळी माझ्या वर्गात होती. मी तिच्यामागे खुर्ची घेऊन बसू लागलो. तिचा हात आपोआप रंग उजळ करायचा. मी गडद करायला सांगायचो, ती करायची, आणि मागे वळून विचारायची, "सर, आणखी काळं करू? घरचे नाराज होतेत." काही पिसांच्या प्राण्यांचा रंग दगडात खरोखर टिकला आहे, माय. एकाच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, हे आज नक्की माहीत आहे. तुझा रंग कुठेच टिकला नव्हता. मी अक्काला फोन लावला. ती म्हणाली, तव्यासारखी न्हाई, जुन्या गुळासारखी. मुलीनं शेजारच्या किराणा दुकानातून गुळाचा खडा आणला, पडद्याजवळ धरला आणि रंग जुळवत गेली. मुंग्या आल्या. ती त्यांना फुंकर मारत काम करत राहिली.

एका ठिकाणी मी चुकलो. चेहरा ओढल्यासारखा वाटत होता. मला ते हाडांवर कातडं ओढलेले जुने प्राणी आठवले. गालांवर मांस दे, असं मी सांगितलं आणि तिनं दिलं. तो कागद घेऊन मी मादन हिप्परग्याला गेलो. अक्कानं तो उंबऱ्यात, उजेडाला धरला. तिला आता सगळं एकदम दिसत नाही, म्हणून तिनं तो डोळ्यापुढून हळूहळू सरकवला. कपाळ, भुवया, नाक. गालाशी थांबली. "न्हाई रे. ती वाळलेलीच हुती. आमचं झाल्यावर जेवायची, उरलं तर." मी कागदाची गुंडाळी केली. परत आलो आणि मुलीला सांगितलं, होतं तसंच कर.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अक्कानं तसाच कागद सरकवला. कपाळ, भुवया, गाल, वण, ओठ. हनुवटीशी आली आणि गोंदणावर बोट ठेवून राहिली. सून चहा घेऊन आली आणि तशीच आत गेली. मग अक्का म्हणाली, "व्हय. ही रागवंल आता."

जुना फोटो आम्ही मावशीच्या घरी नेऊन दिला. खालचं नाव तिच्या मुलानं खरवडून काढलं. मावशीच्या सुनेनं तो भिंतीवर लावला आणि सासूबद्दल म्हणाली, आत्या एवढ्या गोऱ्या कधी हुत्या, पण असू द्या, आवडलं असतं त्यास्नी. अक्काच्या घरी आता तुझं चित्र आहे. ती त्याच्याखाली दिवा लावते आणि त्याच्याकडे बघते. दिसतं का, ते मी विचारत नाही. माझ्या प्राण्यांची रोज नवी हाडं सापडतील, ते बदलत राहतील, आणि मी हावरटासारखा त्यांची वाट पाहीन. तुझ्या बाबतीत आता नवं काही सापडायचं नाही. जे झालं ते अक्कामुळे झालं, आणि मला विचारायची रीत तुझ्याकडून मिळाली होती म्हणून झालं. इतक्या उशिरा आणि इतक्या दुरून माणूस आईच्या एवढा उपयोगी पडतो, हे भाग्य थोडं नाही.

एक राहिलं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहितो. त्या दुसऱ्या खेपेला उंबऱ्यात अक्कानं चित्र माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "तू बघ. हीच न्हवं का?" मला तुझे हात आठवतात. भाकरी करताना मागून दिसणारी पाठ आठवते. आवाज तर अजून कानात आहे. चेहरा आठवत नाही, माय. कधीच आठवला नाही. अक्काला हे माहीत नाही, आणि तिची नजर माझ्यावर होती. मी म्हणालो, हीच.