खांबाशेजारच्या दोन जागा

लॉरेल फोर्क, केंटकी
रविवार, २३ ऑक्टोबर १९९४

प्रिय वर्लिन,

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. नसती तर हॉबर्टनं आतापर्यंत गावभर केलं असतं. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती त्याची जुनीच सवय आहे. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्याचं उत्तर याच पत्रात देते, पण आधी कालच्या जेवणाचं सांगते, कारण तू आला नव्हतास.

आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या कोच टॅकेटच्या वाढदिवसाचं जेवण यंदाही चर्चच्या तळघरातच झालं. माणसं कमी झाली आहेत, खुर्च्या तेवढ्याच मांडतात. बीन्स, मक्याचा पाव आणि इडिथचं केळ्याचं पुडिंग. कोचचं नाव निघालं की उजव्या पायातला बूट काढून टेबलावर आपटायचा, तोही कार्यक्रम झाला. पास्टरच्या बायकोनं यंदा टेबलांवर जाड कापड अंथरलं होतं, त्यामुळे आवाज काही निघेना.

"टॅकेट बाकावर बूट आपटायचा, गादीवर नाही," हॉबर्ट म्हणाला.

"त्याच टेबलावर तुम्ही आता जेवणार आहात," ती म्हणाली. सगळ्यांनी बूट पायात घातले.

क्लोव्हिस नेहमीसारखा टॅकेटच्या आधीच्या कोचचा, म्हाताऱ्या फ्युगेटचा झेंडा घेऊन बसला होता. "फ्युगेटनं खाणीतली पोरं उचलून आणली, पत्र्याच्या शेडमध्ये खेळवली. टॅकेटला काय, आयतं ताट मिळालं."

"आयतं? फ्युगेट गेला तेव्हा संघात धड सहा पोरं नव्हती, आणि त्यातलं एक चष्मा विसरलं की पंचालाच बॉल द्यायचं!" हॉबर्ट उसळला.

"पण मनापासून द्यायचं," क्लोव्हिस म्हणाला.

मी कोणाचीच बाजू घेतली नाही. हे दर वर्षी भांडतात आणि दर वर्षी पोटभर जेवतात. दोन्ही कोच केव्हाच मातीत गेले, त्यांना काही फरक पडत नाही.

मग हॉबर्टनं ड्यूई कॉम्ब्सची गोष्ट काढायला लावली. तुला माहीत आहे तिची रीत. बाहेरचं मी सांगायचं, आतलं तू. मी माझं सांगितलं. टेनेसीवाल्यांशी सामना, बाहेर बर्फ, मी तिकिटाच्या खिडकीत. आपला सगळ्यात भारी खेळाडू ड्यूई खेळ सुरू झाल्यावर डुलत डुलत येतो, आणि टॅकेट सामना सोडून स्वतः दारात येऊन उभा राहतो. "उशिरा येतो तो प्रेक्षक," म्हणतो, "आणि प्रेक्षकानं तिकीट काढायचं." ड्यूई हसतो. टॅकेट हसत नाही. मग तो सव्वासहा फुटी पोरगा संघाच्या कपड्यात माझ्या खिडकीपाशी वाकतो आणि विचारतो, "ताई, पुढची एखादी जागा आहे का?" मी म्हणते, "पुढची नाही. खांबाशेजारची आहे."

इथे सगळे हसतात, तसे हसले. आणि मग सवयीनं सगळे तुझ्या खुर्चीकडे वळले.

"सांग ना तूच पुढचं," हॉबर्ट म्हणाला. "अगं, इतकी वर्षं ऐकते आहेस, पाठ असेल."

"पाठ आहे. पण मी आत नव्हते," मी म्हटलं, आणि पुडिंग वाढायला उठले. गोष्ट तशीच अर्धी राहिली. नव्यानं आलेल्या एका जोडप्यानं इडिथला विचारलं, मग तो पोरगा खेळला की नाही? इडिथ म्हणाली, वर्लिनला विचारा.

हॉबर्ट माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. दाराला टेकून उगाच घसा साफ करत राहिला.

"ग्लेंडाचं कळलं मला," म्हणाला. "देणार आहेस का?"

"पुडिंग देणार आहे. हवंय?"

त्यानं दोनदा घेतलं.

तर आता तुझ्या पत्राबद्दल. ग्लेंडा पोस्टातून निवृत्त झाली, तिला आता सामन्यांना यायचं आहे आणि नवऱ्याशेजारी, म्हणजे तुझ्याशेजारी, बसायचं आहे, यात गैर काहीच नाही. मला बायको-बायकोची भांडणं करायची हौस कधीच नव्हती, आणि ग्लेंडा चांगली बाई आहे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिनं पाठवलेला केक मी एकटीनं संपवला. आपल्या हंगामभराच्या राखीव जागांत तुझ्या एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला मी, म्हणजे तिच्यासाठी जागा माझीच निघते, हेही खरं. बदल्यात तू समोरच्या बाजूची, खालच्या रांगेतली जागा मिळवून देतो आहेस. ती जास्त चांगली आहे. मध्ये खांब नाही.

पण तू पुढे लिहिलंस, "तुला काय, सामना दिसल्याशी मतलब." हे वाक्य मी गुरुवारपासून डोक्यात घेऊन फिरते आहे. हे तू टोमणा म्हणून लिहिलं असतंस तर मी सोडून दिलं असतं. तू ते खरं मानून लिहिलं आहेस.

आपला घटस्फोट झाला तेव्हा ट्रक तुला, बोट तुला, घर मला, असं सगळं तासाभरात वाटून झालं. अडलं ते या दोन जागांवर. न्यायाधीश स्वतःच सामन्यांना आपल्याहून दोन रांगा वर बसणारा. त्यानं कपाळाला हात लावला, दोघांना एकेक जागा दिली आणि म्हणाला, "एकमेकांशी बोलायचं नसेल तर सामन्याबद्दल बोला." सगळं कोर्ट हसलं. तूही हसलास. माझ्या वकिलानं मला विचारलं होतं, बोट सोडतेस, जागेसाठी का हटून बसतेस? मी म्हटलं, मला टॅकेटचं कॉलेज आवडतं. ते त्याला पटलं, कारण आपल्या गावात ते कोणालाही पटतं.

ते खरं नव्हतं, वर्लिन. मला तुझ्या शेजारी बसायचं होतं.

घरात आपल्याला दोन वाक्यं धड बोलता आली नाहीत. तू म्हणायचास, या घरात दुसरं माणूस आहे असं वाटतच नाही. पण तिथे तू मला कोपरानं ढोसून विचारायचास, "फाउल होता का गं?" आणि मी सांगेन ते मानायचास. घटस्फोटानंतरही विचारत राहिलास. हिवाळ्यातून पंधरा-सोळा संध्याकाळी मला घरात जसं जगायचं होतं तशी मी तिथे जगत होते. तेवढं मला पुरत होतं. ग्लेंडाशी तू लग्न केलंस त्यानंतरही पुरलं, कारण ती सामन्यांना येत नसे.

ड्यूईच्या गोष्टीत आपण दोघंही एक गोष्ट कधीच सांगत नाही. शेवटचं मिनिट राहिलं, टॅकेटनं बूट हलवून ड्यूईला गर्दीतून खाली बोलावलं, आणि तो तुझ्या शेजारून उठला. त्याच मिनिटाला मी खिडकी बंद करून आत आले. एकच जागा रिकामी होती. आपली तोवर ओळखही नव्हती. तू सरकून घेतलंस आणि विचारलंस, "तिकीट आहे ना?" लोकांना वाटतं, गोष्ट आपण सामना जिंकला तिथे संपते.

आता हे लिहून बसले आहे. दोन ओळींत नाही म्हणून जागा ठेवता आली असती, कोणी विचारलंही नसतं. पण माझ्या मनात काय आहे ते तुला माहीत असताना तुझ्या शेजारी बसून पंचाला शिव्या घालणं मला जमायचं नाही. आणि तुला ते वाक्य खरं वाटत राहावं, हे त्याहून जमायचं नाही. जागा ठेवायची की खरं सांगायचं, यातलं एक निवडायचं होतं.

म्हणून जागा ग्लेंडाला दे. कॉलेजच्या ऑफिसात उद्या सांगून येते. तिला जाड उशी आणायला सांग, बाक थंड असतो. तिला फाउल कळत नाही म्हणून तिच्यावर वैतागू नकोस. विचार, आणि ती सांगेल ते मान.

समोरची जागा मला नको. सामने मी घरी रेडिओवर ऐकेन.

इतके हिवाळे शेजारी बसलेली,
इमोजीन