दार तुम्ही उघडलंत त्याविषयी

आदरणीय सर,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा खुबा बरा असेल, जिना चढताना कळ येत नसेल आणि काकूंनी सांगितलेलं तुम्ही ऐकत असाल (या शेवटच्या बाबतीत मला आशा नाही), असं धरून चालते. इकडे मी ठीक आहे. हे खरं नाही, पण पत्राच्या सुरुवातीला दुसरं काय लिहितात ते मला ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात सरकारी आरोग्य योजनेचा तपासनीस तुमच्याकडे आला होता, आठवत असेल. योजनेतून ज्यांचे उपचार चालतात ते पेशंट खरोखर आहेत का, हे पाहणं त्याचं काम, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या कागदावर तुमच्या नावापुढे माझ्या हातचं लिहिलेलं होतं, ‘खुब्याचं हाड मोडलेलं, अंथरुणातून उठता येत नाही.’ स्टुलावर चढून दिवा बदलताना पडलात, त्यानंतरची ती पहिली नोंद. बेल वाजली तेव्हा काकू मागे कपडे वाळत घालत होत्या. दार तुम्ही उघडलंत. उघडलंत ते उघडलंत, वर सावधान उभे राहिलात. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस दारात अनोळखी साहेब दिसला की सावधान उभा राहणार, हे मी समजू शकते. पण त्याने पेशंट कुठे आहेत असं विचारल्यावर ‘इथे कुणी पेशंट नाही’ असं ठणकावून सांगायची, आणि पुरावा म्हणून बैठका काढून दाखवायची काय गरज होती? (बैठकांना तुम्हाला मनाई आहे. त्याबद्दल वेगळं बोलू.)

त्याने शेरा मारला, ‘पेशंट बोगस.’ मला एका शब्दाने न विचारता माझं फिजिओथेरपी केंद्र योजनेतून बाहेर. मी बरा केलेला माणूस बरा सापडला, हा माझा गुन्हा. तुम्ही अंथरुणात कण्हत सापडला असतात, तर मी आज प्रामाणिक असते. माझंच काही चुकलं का, हे मी रोजनिशीत दोन्ही बाजूंनी लिहून पाहिलं. पहिल्या नोंदीखाली ‘सुधारणा पुढील पानावर’ असं लिहायला हवं होतं, एवढीच चूक सापडली. पान उलटायला सांगावं लागेल, हे मला सुचलं नव्हतं.

आता विधिमंडळाने नवा कायदा केला आहे. सरकारी पैशातून उपचार देणाऱ्या कुणालाही योजनेतून काढलं, तर त्याला अपील करता येईल, आणि ते अपील मूळ निर्णयाशी संबंध नसलेला अधिकारी ऐकेल. वाचून मला भरून आलं (कायदा वाचून भरून येणाऱ्या बाईने चाळिशीनंतर तरी सावध व्हायला हवं होतं). कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं, की अपील फक्त योजनेतल्या केंद्रांना करता येतं आणि तुमचं केंद्र योजनेत नाही. काढलं म्हणूनच अपील करायचंय, असं मी म्हटलं. त्याने फार सहानुभूतीने मान हलवली. म्हणाला, मॅडम, मग काढायच्या आधी यायला हवं होतं.

मी कलम वाचून दाखवलं. कायदा आलाय, सूचना आलेल्या नाहीत, असं म्हणून त्याने मला आत साहेबांकडे धाडलं. स्वतंत्र अधिकारी नेमेपर्यंत अपिलांचा तात्पुरता कार्यभार याच साहेबांकडे. म्हणजे माझ्या हकालपट्टीवर सही करणारे आणि त्या सहीचा फेरविचार करणारे एकच. मी हे शक्य तितक्या नम्रपणे दाखवून दिलं. त्यांनी मला धीर दिला.

‘त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात काहीही नाही. मी तो वाचलेलाच नाही.’

सर, मी आयुष्यात आवाज चढवलेला नाही. त्या दिवशीही चढवला नाही. फक्त खुर्चीतून उठले नाही. माझ्या डोळ्यांसमोर शिवणकाम करणाऱ्या त्या बाई होत्या, ज्या तुमच्यानंतर यायच्या. अर्धांगवायूनंतर त्यांची बोटं आता कुठे मिटू लागली होती. व्यायाम तुटला तर हात पुन्हा आखडेल, आणि त्या हातावर त्यांचं घर चालतं. मी त्यांना म्हटलं, योजना राहू द्या, तुम्ही या. त्या येत नाहीत. फुकट नको म्हणतात. हा राग मी कुणावर काढू?

शेवटी साहेबांनाच जेवायला जायचं होतं. येत्या मंगळवारी सकाळी, दुसऱ्या विभागातल्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी ठरली.

काकूंना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची विद्यार्थिनी
(कवायतीत कायम मागच्या रांगेत)

ता. क. मंगळवारी माझे साक्षीदार म्हणून याल का? एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. आधी कसे होतात ते सांगा, मग चालून दाखवा. याच क्रमाने. बैठका नकोत.

ता. क. २. काठी आणा. तिथल्या जिन्याला कठडा नाही, म्हणून म्हणते. दुसरं कारण नाही. निदान मला तरी सापडलं नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करताना काकूंचा फोन आला. तो दिवा पुन्हा गेला आहे आणि तुम्ही स्टूल काढून ठेवलं आहे म्हणे. सर, स्टुलावर चढू नका. आज पडलात तर मंगळवारी अपील मी जिंकेन. हे लक्षात आल्यावर ‘चढू नका’ लिहायला मला क्षणभर उशीर झाला, याची लाज वाटते. चढू नका. दिवा मी येऊन बदलते.