परक्या हाताची कडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, व्यवसाय सुतारकाम, शिक्षण इयत्ता चौथी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला आणि त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड असल्याचेही निदर्शनास आणले.

१. राहते घर मी माझ्या मुलीस देत आहे. माझ्या पत्नीस चार वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. ती हयात असेपर्यंत याच घरात राहील व तोवर घर विकता येणार नाही.

२. न्हाणीघराची आतली कडी मी काढली आहे. ती कोणीही परत बसवू नये.

३. दुपारी पत्नी "घरी जाते" म्हणून निघते. तिच्याशी वाद घालू नये. समोर फळी व पॉलिशपेपर ठेवावा. चाळीस वर्षे माझ्या कामाला पॉलिशपेपर तिनेच मारला. फळी गुळगुळीत झाली की ती झोपलेली असताना कानशीने पुन्हा खरबरीत करावी. हे तिला कळू देऊ नये. कामातली लबाडी तिला खपत नाही.

४. बाहेरच्या दाराला मी एकामागून एक पाच कड्या केल्या. पाचही तिने उघडल्या. माझे नाव ती विसरली, पण माझे काम तिच्या बोटांना पाठ आहे. गेल्या महिन्यात ती अनवाणी हमरस्त्यापर्यंत गेली. म्हणून मी धाकट्या भावास बोलावले. तोही सुतार आहे. अकरा वर्षांपूर्वी तो गिऱ्हाइकांदेखत म्हणाला होता, "दादाच्या दारापेक्षा दादाच जास्त करकरतो." तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. त्याचे ते विधान असत्य होते व आहे.

दारात उभा राहून तो म्हणाला, "दादा, एवढ्याशासाठी अकरा वर्षं?"

मी म्हणालो, "माप घे."

कडी त्याने त्याच्या पद्धतीने केली. पत्नीस घरात एकटी ठेवून ती कधीही लावू नये.

५. माझी अवजारे भावास देण्याचा विचार होता. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगताच तो म्हणाला, "मग मलाच साक्षीदार करा. रंध्यासाठी आला, असं कुणी म्हणायला नको." सबब अवजारे मुलीस. तिने ती कोणास वापरायला द्यावीत, हे मी लिहिणार नाही.

६. आज सकाळी पत्नीने नव्या कडीवरून बराच वेळ बोटे फिरवली. ती तिला उघडता आली नाही. मग मला गिऱ्हाईक समजून म्हणाली, "हे आमच्या ह्यांचं काम नाही हो. हे भावोजींचं. आले का ते?"

आले आहेत. खाली त्यांची सही आहे.

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: ११ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा

(सही) मृत्युपत्र करणारा, सुतार

यांनी आम्हा दोघांसमक्ष सही केली. हात थरथरला नाही.

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचे औषध दुकानदार
साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ, सुतार