आत्याच्या पोटाची चाचणी

४ मार्च

चि. ठकी हिस अनेक आशीर्वाद.

सव्वीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली, सोसाट्याच्या वाऱ्यातही कधी मळमळलं नाही. आता क्रेन शिकवायला लागले आणि खोलीतल्या खुर्चीत बसून पोटात ढवळतंय. संगणकाचे भाग तपासणाऱ्या तुमच्या चाचणीशाळेच्या तक्त्यात पहिलं आलेलं ग्राफिक्स कार्ड आमच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली क्रेनमध्ये, बसवलंय. चित्र देखणं आहे, पण पडद्यावर क्रेनचा हात फिरवला की दहा मिनिटांत माझ्या तिन्ही शिकाऊ मुली पांढऱ्याफटक पडतात. धाकटी तर काल तोंडावर हात धरून बाहेर पळाली.

शेजारच्या खोलीतल्या संगणकाचं कार्ड काढून लावलं, तर तिघी तासभर मजेत बसल्या. ते तुमच्या तक्त्यात चौथं आहे म्हणून प्राचार्यांनी पुन्हा बदलायला लावलं. म्हणतात, दोष कार्डात नाही, मुलींत आहे. महिनाअखेर सिम्युलेटरवरचे चाळीस तास भरले नाहीत तर तिघींची परीक्षा हुकेल. तक्ता तुझा आहे, तूच काय ते बघ.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी आत्या

१२ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून हसले. आमची आत्या पोटाने कार्ड मोजते, असं विभागात सांगूनही आले. पण ते धाकटीचं पळणं डोक्यातून जाईना. शेवटी क्रेनचं दृश्य लावलं, वेगाचे आकडे झाकले आणि नुसती बसले. बाराव्या मिनिटाला खिडकी उघडावी लागली.

मग एकेक चित्र सुटं करून पाहिलं. पहिलं कार्ड सरासरीत वेगवान आहे, पण हात फिरताना मध्येच क्षणभर अडखळतं. डोळ्याला ते कळत नाही, पोटाला कळतं. चौथं हळू असलं तरी एकसारखं चालतं. आमच्या तक्त्यात फक्त सरासरी होती, म्हणजे चूक माझीच. प्राचार्यांना माझ्या सहीने तसं कळवलंय. यापुढे प्रत्येक कार्डापुढे तासभर माणूस बसवायचा, असं आमच्या साहेबांकडून कबूल करून घेतलंय.

रागावली असशील तर दोन ओळी जास्त लिही.

तुझी ठकी

२ एप्रिल

चि. ठकी हिस अनेक आशीर्वाद.

तिघीही पास. प्राचार्यांना तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून कार्ड बदलून घेतलं, आणि चाळीसचे त्रेचाळीस तास भरले.

काल खऱ्या क्रेनवर परीक्षा होती. धाकटी पहिली चढली. वारा होता. मी खाली उभी, मान वर. तिने मालाची पेटी उचलली, क्रेनचा हात सावकाश फिरवला आणि जमिनीवर खडूने आखलेल्या चौकटीत अशी ठेवली की रेघ पुसली नाही. परीक्षकांना तो योगायोग वाटला, त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. तिने पुन्हा तशीच ठेवली. मग त्यांनी पास म्हणून खाली बोलावलं, तर वरून तिने विचारलं की अजून एक पेटी उचलू का. परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, उचलू द्या.

सुट्टी काढून ये, तुला वर नेते.

तुझी आत्या